नळावरची सहा मिनिटं

"रिकामं भांडं मी परत देणार नाही," मी ठणकावून सांगितलं. "तुम्ही कितीही डोळे वटारा."

हे गाडीच्या पायरीवर बसून दाढी करत होते. समोरच्या ऑलिव्हच्या फांदीला आरसा अडकवलेला, गालाला अर्धा फेस. तेवढ्यातही बोलायचं काही सोडवेना.

"अगं, ही काय मिरजेतली शेजारीण आहे का तुझी? बिस्किटांचा पुडा टाक त्यात आणि देऊन ये. विषय संपला."

"बाईनं घरच्या मळ्यातल्या काकड्या दिल्या, वेलीवरची द्राक्षं दिली, आणि मी तिला दुकानातला पुडा देऊ? जनाची नाही तर मनाची तरी?"

"कर बाई, कर तुला काय करायचं ते. पण लवकर ये. चार वाजता निघायचं आहे."

"कुठे निघायचंय? कुणी वाट बघतंय का आपली?"

यावर त्यांनी वस्तरा पुन्हा गालाला लावला. कारण खरंच कुणी वाट बघत नव्हतं. सबंध आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन म्हणून काढलेला माणूस, त्यांच्या अंगात वेळापत्रकच भिनलेलं. निवृत्त झाले त्या वर्षी आमच्या मुक्तानं आम्हाला जर्मनीला बोलावून घेतलं आणि स्वतःची कॅम्पर गाडी तीन आठवड्यांसाठी आमच्या हवाली केली. आत दोन माणसं झोपतील एवढा पलंग, दोन शेगड्या, वीतभर फ्रीज, झालंच तर बादली-तांब्या मी नेलेला. "आई, आयुष्यभर घाईच केलीत. आता जरा रमतगमत फिरा," असं म्हणाली पोर. मग इटलीतून बोटीवर गाडी चढवली आणि ग्रीसला उतरलो. ह्यांचा वेग चाळीस. मागून कुणी भोंगा वाजवला की हे गाडी बाजूला घेऊन त्याला हात करायचे. जे गाव आवडलं तिथे थांबायचं, सार्वजनिक नळावर कपडे धुवायचे, भाजी मिळेल ती घ्यायची, खिचडी टाकायची. नऊ वर्षं झाली या गोष्टीला, पण इतक्या निवांत तीन आठवड्यांची आठवण काढावी तर आधी ती एक दुपारच डोळ्यांपुढे येते.

डोंगरातलं ते गाव पंचवीस-तीस घरांचं. नाव मला शेवटपर्यंत धड म्हणता आलं नाही. तिथे कुठेही गाडी उभी करून मुक्काम करायला बंदी होती. आदल्या संध्याकाळी आम्ही वाट चुकून चौकात घुटमळत होतो, तेव्हा काळ्या कपड्यांतली एक म्हातारी हातवारे करत आली आणि आम्हाला थेट आपल्या घरामागच्या ऑलिव्हच्या बागेत घेऊन गेली. स्तमातिया तिचं नाव. सत्तरीची असेल, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. तिला आमची भाषा येत नव्हती, मला तिची. पण शेजारचा थानासिस तीस वर्षं जहाजावर खलाशी होता, मुंबई बंदरात दोनदा उतरलेला. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं.

म्हातारीकडे तिची नात आली होती, उन्हाळ्याच्या सुट्टीची. फोतिनी. सहा-सात वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली, माझ्या कपाळावरच्या टिकलीवर डोळा ठेवून असलेली. सकाळी तिला एक टिकली लावली तर गावभर मिरवून आली. तिचे आईबाप अथेन्समध्ये नोकरीला. वर्षातले हे दोन महिने म्हणजे म्हातारीचं सारं सुख, असं थानासिस म्हणाला.

तर मी काकडी कोचवली, मीठ लावून जरा ठेवली, पाणी पिळून काढलं. लिंबू, चिमूटभर साखर, कोथिंबीर. मिरची मुद्दाम वगळली, घरात लहान पोर आहे म्हणून. वर तुपात जिऱ्याची चरचरीत फोडणी. चाखून बघितली, झकास झाली होती. म्हातारीचं निळं भांडं काठोकाठ भरलं आणि निघाले.

त्यांच्या अंगणात द्राक्षांचा मांडव होता. स्तमातिया घेवड्याच्या शेंगा निवडत बसली होती, थानासिस आपल्या ओट्यावर डुलक्या काढत होता. मला बघून म्हातारीनं कौतुकानं दोन्ही हात वर केले. फोतिनी तर भांड्यावर झेपावलीच. पण म्हातारीनं तिचं मनगट धरलं. आत गेली आणि तळहातावर एक बदाम आणि एक अक्रोड घेऊन आली. माझ्यासमोर धरले, नातीकडे बोट केलं, मग स्वतःचा गळा धरून डोळे मोठे केले.

थानासिस उठून बसला. "मॅडम, या मुलीला हे चालत नाही. दवाखान्यात न्यावं लागतं. यात असलं काही घातलंय का?"

"छे छे!" मी म्हटलं. "बदाम कशाला घालीन कोशिंबिरीत? काकडी आहे, मीठ आहे, साखर, लिंबू, कोथिंबीर, तूप, जिरं." एकेक बोट मोडून मी मोजून दाखवलं. त्यानं तसं एकेक भाषांतर करून सांगितलं. म्हातारीचा चेहरा सैलावला आणि तिनं मनगट सोडलं.

फोतिनीनं चमचाभर खाल्ली, मान हलवली, मग चांगले चार-पाच चमचे भराभर खाल्ले. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! आमच्या घरी कुणी मिटक्या मारत खाल्लं की मला दुसरं काही लागत नाही. म्हातारीनं मला बसवलं, कॉफी केली, माझ्या बांगड्या हातात घेऊन बघितल्या.

कॉफी अर्धी झाली असेल. फोतिनी ओठ खाजवायला लागली. आधी एका बोटानं, मग पाचही बोटांनी. मग गळा. डोळ्याखाली लाल चट्टे उठले. तिनं आजीकडे बघून काहीतरी म्हटलं तर आवाज घोगरा आलेला.

मांडवावर द्राक्षांना लागलेल्या गांधीलमाश्या घोंगावत होत्या. स्तमातियानं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा पोरीकडे, आणि ओरडली. थानासिस उडी मारून आला.

"गांधीलमाशी!" तो मला म्हणाला. "दरवर्षी कुणाला ना कुणाला चावतेच. व्हिनेगर लावलं की उतरतं."

म्हातारी बाटली घेऊन आली, फडकं बुडवून पोरीच्या ओठांना, गळ्याला चोळायला लागली. पोर खोकायला लागली. कोरडा, कुत्र्याच्या पिलासारखा खोकला. ओठ बघता बघता सुजले.

मी तिथे उभी होते आणि माझ्या कानात मुक्ताचा आवाज आला. अगदी जसाच्या तसा.

दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. नातवाच्या डब्यात मी दाण्याची चटणी लावून पोळी दिली होती. बालवाडीच्या बाईंनी डबा पिशवीत बंद करून परत पाठवला. संध्याकाळी मुक्ता माझ्यावर कडाडली. "आई, शाळेत दाणे चालत नाहीत म्हणून दोनदा सांगितलं होतं तुला! इथे काही मुलांचा श्वास बंद होतो त्यानं. मरतात मुलं!" मी तिला म्हटलं होतं, "कसले गं नखरे हे! आपण काय दाण्यावरच वाढलो नाही का?"

आणि कोशिंबिरीत मी दोन मुठी दाण्याचं कूट घातलं होतं.

घातलं होतं म्हणजे काय, हात आपोआप डब्यात गेला होता. कोशिंबिरीत कूट, भाजीत कूट, उसळीत कूट. चाळीस वर्षं हेच करत आले. मीठ सांगायची आठवण झाली, साखर सांगायची झाली, बोटं मोडून मोजलं सगळं, पण कूट हा कुठला वेगळा जिन्नस आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं. म्हातारीनं घरात होते ते बदाम-अक्रोड दाखवले, मी खुशाल नाही म्हणून मोकळी झाले.

तेवढ्यात फाटकाशी हे आले. मला बोलवायला. एक गाल गुळगुळीत, कानाशी फेस तसाच. त्यांनी पोरीकडे बघितलं, मग भांड्याकडे, मग माझ्याकडे. मुक्ता कडाडली होती तेव्हा हे तिथेच चहा पीत बसले होते.

"हेमा," अगदी हलक्या आवाजात, मराठीत. "कूट होतं त्यात?"

"हो."

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी माझा दंड धरला. "एक शब्द बोलू नकोस. ऐकतेयस का? ते माशी म्हणतायत ना, माशीच चावली. आपण इथे बेकायदा मुक्काम केलाय. गाडी मुक्ताच्या नावावर. पोलीस आले तर पासपोर्ट काढून घेतील, पोरीची नोकरी जाईल, आपण इथे सडू."

"अहो, पण पोर..."

"सुजलंय, उतरेल. तो म्हणतोय ना, दरवर्षी होतं."

मी थानासिसकडे बघितलं. तो खरंच तसं म्हणत होता. म्हातारी रडत होती, पण व्हिनेगर चोळत होती. गावातल्या माणसांना गावातलं कळत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आणि मग मी एक गोष्ट केली. ही मला कुणी करायला सांगितली नव्हती, ह्यांनीही नाही.

मी टेबलावरचं भांडं उचललं.

म्हातारीला खुणेनं सांगितलं, धुऊन आणते. तिला वाटलं, बाई बिचारी एवढ्या गडबडीत हातभार लावतेय. तिनं ओल्या हातानं माझ्या दंडावर थोपटलं. त्या थोपटण्यानंही मी थांबले नाही.

नळ फाटकाबाहेर होता, दगडी डोणीवर. उरलेली कोशिंबीर मी मागच्या झुडपात पालथी केली. नळ सोडला, भांडं विसळलं. कूट पाण्यावर तरंगायला लागलं. ते ओतून दिलं. पुन्हा भरलं, पुन्हा विसळलं. काठाला एक कण चिकटला होता, तो नखानं काढला. कुणी बघत नाही ना म्हणून मागे वळून बघितलं. वास येतो का म्हणून भांडं नाकाशी धरलं. मग परत विसळलं. मी, जिनं वीस वर्षं बालवाडीत दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसली, ती मी.

अंगणातून खोकला ऐकू येत होता. तो येत होता तोवर मी विसळत राहिले. खोकतेय म्हणजे ठीक आहे, खोकतेय म्हणजे श्वास चालू आहे, असं मनाशी घोकत होते.

मग खोकला थांबला.

कुणी पाठीवर चाबूक ओढावा तशी मी पळाले. भांडं कुठे टाकलं आठवत नाही. आधी गाडीकडे गेले, कुटाचा डबा उचलला आणि उघडा डबा घेऊन अंगणात शिरले.

"हेमा!" हे ओरडले. "नको!"

मी त्यांना बाजूला ढकललं. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती, त्यांना कधी धक्का दिला नव्हता. म्हातारीपुढे डबा धरला. "हे! हे घातलं होतं मी! थानासिस, सांगा तिला, शेंगदाणे आहेत हे. शेंगदाणे!"

म्हातारीनं डब्यात नाक घातलं आणि तिचा चेहरा असा झाला की अजून मला तो नीट सांगता येत नाही. ती आत धावली. काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हातात पत्र्याचा डबा आणि त्यात जाड पेनासारखी एक नळी, हिरव्या लेबलाची. इंजेक्शन. अशा वेळेसाठी लेकीनं, म्हणजे फोतिनीच्या आईनं, आणून ठेवलेलं. आजीवर ते टोचायची वेळ कधी आलीच नव्हती. म्हातारीच्या हातून नळी दोनदा खाली पडली. थानासिसनं घेतली, उलटसुलट केली, चष्मा नाही म्हणून ओरडला.

फोतिनीचे ओठ निळे पडले होते. डोळे उघडे, छाती नुसती आत ओढल्यासारखी होत होती.

"आण इकडे," हे म्हणाले.

त्यांनी नळी घेतली. लेबलावर तीन चित्रं होती. अक्षरं ग्रीक, पण चित्रं वाचायला ह्यांना भाषा कशाला लागतेय? जन्मभर इंजिनांच्या आकृत्या वाचलेला माणूस. हात जराही हलत नव्हता. "निळी टोपी काढायची. केशरी टोक मांडीला. हेमा, पाय धर. घट्ट धर, हलू देऊ नकोस." मी पाय धरला. त्यांनी नळी मांडीवर दाबली, खट्ट आवाज झाला. "एक, दोन, तीन..." दहापर्यंत मोजलं, नळी काढली, जागा चोळली.

काही झालं नाही. म्हातारी गुडघ्यावर बसून देवाचा धावा करत होती. मीही करत होते. गणपतीला म्हटलं, माझं काय वाटेल ते कर.

मग पोरीनं श्वास घेतला. शिट्टीसारखा, लांब. आणखी एक घेतला. मग भडाभडा ओकली आणि रडायला लागली. कुणाच्या रडण्यानं मला इतकं बरं वाटलं नाही कधी.

"अजून संपलेलं नाही," थानासिस म्हणाला. "दवाखाना अठरा किलोमीटर. अॅम्ब्युलन्स तिथूनच येणार, दुप्पट वेळ जाईल."

"गाडीत बसा," हे म्हणाले.

चाळीसच्या वेगानं जाणारा आमचा माणूस त्या दिवशी त्या वळणांवरून कसा गेला ते त्यालाच ठाऊक. कपाटातली भांडी धडाधडा खाली येत होती. थानासिस पुढे बसून "डावीकडे! सांभाळून!" ओरडत होता. मागे पलंगावर म्हातारी नातीला छातीशी बसती धरून, आणि मी दोघींना धरून. ह्यांच्या कानाशी दाढीचा फेस वाळून पांढरा झाला होता.

आमच्या घरी ही गोष्ट नेहमी इथेच संपते. लग्नकार्यात, बारशाला कुणीतरी विषय काढतं आणि हे सांगतात. माझ्या जावा म्हणतात, "भावजी, वन्संना सांगा ना, आपल्या वहिनींनी परदेशात पोरीचा जीव कसा वाचवला ते." सगळे ह्यांचं कौतुक करतात, माझं करतात. नळाचं कुणाला ठाऊक नाही. हे सांगत नाहीत, मीही आजवर सांगितलं नव्हतं. पण ती गोष्ट दवाखान्याच्या दाराशी संपली नाही.

तासाभरानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण, केस वर बांधलेल्या. पोर आता बरी आहे, झोपली आहे, रात्रभर इथे ठेवू, असं म्हणाल्या. मग वही उघडली. थानासिस माझ्या कानाशी भाषांतर करत होता.

"खाल्ल्यापासून किती वेळानं इंजेक्शन दिलं?"

म्हातारी गडबडली. तिला काय ठाऊक! ह्यांनी घड्याळ बघितलं, मला विचारून पुटपुटत हिशेब लावला. "पंधरा मिनिटं. त्रास सुरू झाल्यावर दहा."

"दहा मिनिटं?" डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हातारीकडे वळल्या. आवाज चढला नाही, पण शब्द कसे होते ते मला भाषांतराशिवाय कळलं. थानासिस चाचरत सांगत होता. "त्या म्हणतात, औषध घरात होतं. पोरीला काय होतं हे तुम्हाला माहीत होतं. आणि तुम्ही दहा मिनिटं व्हिनेगर चोळत बसलात? आणखी दोन मिनिटं गेली असती तर... त्या म्हणतात, हे पोरीच्या आईला सांगावं लागेल. अशा आजीकडे मूल ठेवणं धोक्याचं आहे."

स्तमातियानं मान खाली घातली आणि काळ्या ओढणीचं टोक तोंडात कोंबलं. तिचे खांदे हलत होते. हिनं मला खोटं सांगितलं, असं म्हणून तिनं स्वतःचा बचाव केला नाही. परक्या बाईनं चुकून घातलं, असंही म्हणाली नाही. डॉक्टरीणबाई आत गेल्या. म्हातारी बाकावर बसली, तिनं माझा हात ओढून घेतला आणि त्याची पापी घेतली. पुन्हा पुन्हा.

"ती म्हणते, तू आलीस म्हणून," थानासिस म्हणाला. "तू सांगितलंस म्हणून पोर वाचली. मी म्हातारी, मला काही कळलं नाही. तू देवासारखी धावत आलीस."

मी हात सोडवून घ्यायला बघितलं, ती सोडेना. दहा मिनिटांमधली सहा माझी होती. सहा मिनिटं मी नळावर होते. आणि ती मिनिटं आता या बाईच्या पदरात पडणार होती. उद्या लेक येणार, पोरीला घेऊन जाणार, आणि पुढच्या उन्हाळ्यात अंगणात कुणी येणार नव्हतं.

"थानासिस," मी म्हटलं, "तिला सांगा, मला तेव्हाच कळलं होतं. खाज सुटली तेव्हाच."

हे समोरच्या भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी डोळे मिटले. "हेमा, आता कशाला?"

"तुम्ही गप्प बसा. थानासिस, सांगा. मी भांडं धुवायला नाही गेले. पुरावा धुवायला गेले होते. मी घाबरले. पोर मरत होती आणि मी भांडं घासत होते."

थानासिसनं माझ्याकडे असं बघितलं की जमिनीनं दुभंगून मला पोटात घ्यावं असं वाटलं. "मॅडम, पोर बरी आहे. हे मी सांगणार नाही. कशाला सांगायचं?"

"डॉक्टर तिला दोष देतायत म्हणून. तिच्या लेकीलाही हेच सांगा, डॉक्टरांनाही. पोलिसांना बोलवायचं तर बोलवा. सांगा हो!"

तो बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. मग बाकाच्या कडेला बसला आणि हळूहळू सांगायला लागला. म्हातारी ऐकत होती. माझा हात अजून तिच्या हातात होता. मधेच ती पकड सैल झाली, मग सुटली.

ती उठली. माझ्यासमोर उभी राहिली. तिचे डोळे कोरडे झाले होते. हात उचलला आणि माझ्या कानाखाली सणसणीत ठेवून दिली. शेतात काम केलेला हात तो, डोळ्यांपुढे काजवे चमकले. चष्मा उडून बाकाखाली गेला.

हे पुढे धावले. मी त्यांचा शर्ट धरला. "राहू द्या. तुम्ही मधे पडू नका."

स्तमातिया धापा टाकत उभी होती. मला वाटलं, आणखी एक देईल. दिली असती तर मी घेतली असती. पण तिनं वाकून बाकाखालचा चष्मा उचलला, ओढणीनं पुसला, माझ्या मांडीवर ठेवला. मग थानासिसला दोन वाक्यं बोलली आणि भिंतीचा आधार घेत मोरीकडे गेली.

"काय म्हणाली?"

थानासिसनं मान दुसरीकडे वळवली.

"शिव्या दिल्या असतील तर सांगा की. ऐकते मी."

"शिव्या नाही दिल्या," तो म्हणाला. "म्हणाली, मी तोंड धुऊन येते. पोर जागी झाली आणि जवळ कुणी नसलं तर घाबरेल. तोवर तू जाऊन तिच्यापाशी बस."

मी चष्मा लावला. गाल तापला होता. ह्यांच्याकडे बघितलं, तर ते रडत होते.

मी उठले आणि आत जाऊन पोरीच्या उशाशी बसले.